तीस लिटर

दोन आठवडे, म्हणाला होतास, वितोल्ड,
आणि चावीशेजारी ठेवून गेलास
तीस लिटरची काचपेटी, एक दिवा,
लाल झिंगे, नखापेक्षा थोडे मोठे,
मोजून सतरा.
दोन महिन्यांचं भाडं राहिलं होतं.
मला वाटलं, त्याचाच हा हिशेब.

एकतीस वर्षं मी गदिन्याच्या गोदीत क्रेन चालवली.
जहाजाचं अख्खं नाक उचलून
वाऱ्यात, बोटभर फटीत बसवलंय या हातांनी.
आता चिमट्यात एक पान धरलं
की कोपरापासून थरथर.

अनुबियासचं खोड मी वाळूत पुरलं.
पुरू नये, हे तू सांगितलं नव्हतंस.
कुजलं.
दुसरं दगडाला बांधलं, कामावरच्या जुन्या कोटाचा
निळा दोरा उसवून. ते धरलं.
दिवा सहा तास. आठ ठेवला
तर काचेवर हिरवं किटण.
खायला उकडलेल्या पालकाचं अर्धं पान,
तेही दोन दिवसांआड, उरलेलं रात्री काढायचं.
आई असती तर म्हणाली असती, उपाशी मारतेस पोरांना.
नाही गं. इथे उपासानं कुणी मरत नाही,
लाडानं मरतं.

पहिली कात पाहिली तेव्हा मी ओरडलेच:
मिशांसकट, पायांसकट, आत कुणीच नसलेला झिंगा.
मग शेवाळाआड ती दिसली, नवी, मऊ,
कुणी पाहू नये अशी बसलेली.
कात काढायची नाही.
ते ती परत खातात.
अंगाबाहेर पडलेलं
पुन्हा अंगी लावतात.

ऑक्टोबरात इमारतीचे पाइप बदलले.
तांब्याचे, नवेकोरे, लखलखीत.
प्लंबर पाइपवर थाप मारून म्हणाला,
आता पन्नास वर्षं बघायला नको, बोगुमिवाबाई.
शनिवारी मी नेहमीसारखं तीन लिटर पाणी बदललं.
रविवारी सकाळी नऊ.
संध्याकाळी आणखी चार.
कुशीवर पडलेले, उकडल्यासारखे गुलाबी.
पाणी नितळ होतं.
त्याच पाण्याचा चहा माझ्या हातात होता.

माशांच्या दुकानातल्या गेरार्डनं
मेलेला झिंगा उलटासुलटा केला, आणि विचारलं,
घरात पाइप नवे आहेत का?
बस, एवढंच.
मला जे बाधत नाही ते त्यांना बाधतं,
हे कळायला तेरा लागले.

आता दर मंगळवारी ट्रॉलीबस पकडून
शहराबाहेर लुद्विकच्या बागेत जाते.
तिथे लोखंडी हातपंप आहे.
थंडीत गोठतो. लुद्विक शिव्या देत
किटलीभर कढत पाणी त्याच्या मानेवर ओततो,
मग तो खोकतो, गंज थुंकतो, आणि देतो.
पहिली बादली कोबीला.
नंतरचं, काकडीच्या लोणच्याच्या
सात वेळा धुतलेल्या बरण्यांत.
परतताना बरण्या मांडीवर, कोटाच्या आत.
बस वळणावर गेली की पोटाशी डुचमळतं.

घरी पाणी खोलीएवढं कोमट होऊ द्यायचं.
मग सलाइनची नळी, तिला एक गाठ,
सेकंदाला एक थेंब.
तीन तास.
मी खुर्ची ओढून बसते.
रेडिओसुद्धा लावत नाही.

तू गेलास तेव्हा पूर्ण हिवाळाभर
मी तुला पाण्यात पाहत होते, वितोल्ड.
फोन नाही, पत्र नाही, भाडं तर नाहीच.
आता नुसतीच पाण्यात पाहते.
दुपारी पानांच्या कडेला बुडबुडे धरतात,
टाचणीच्या डोक्याएवढे,
एकेक सुटून वर जातो.
दिवस सरतो, खरंच सरतो.

चावी तीच. कुलूप बदललेलं नाही.
आलास तर पेटीत हात घालण्याआधी
साबण नीट धू,
आणि नळाला हात लावू नकोस.

चार उरलेत.
त्यातली एक आठवडाभर दगडामागून हललेली नाही.
मी मेली धरून चालले होते.
काल भिंग लावलं:
पोटाखाली पिवळट अंडी, वीस तरी असतील,
आणि ती सारखी पाय हलवत
त्यांना वारा घालतेय.
आज पुन्हा भिंग लावलं.
अंड्यांत काळे ठिपके आहेत.
डोळे.