सात इंच चार सूत

सन्मतीला शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल
अजून कपाटावर आहे. आसाशी डुगडुगतो.
त्रिशलाच्या शिवणातला दोरा घेतला,
एक टोक कोल्हापूरवर अंगठ्यानं दाबलं
(छापलेलं नाही त्यावर, अंदाजानं),
दुसरं ऑकलंडवर.
ताणला की दोरा आपणच सरळ वाट धरतो,
सुमात्रा, जावा, ऑस्ट्रेलिया तिरकी कापून.
पट्टीवर ठेवला: सात इंच चार सूत.

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी,
इंचाचे आठ भाग करून
त्यातल्या एकासाठी गिऱ्हाइकाशी भांडलेला.
सात इंच चार सूत म्हणजे
पंपाचा एक शाफ्ट. दुपारपर्यंत उतरतो.

भाच्यानं मोबाइलवर काढून दिलं:
बारा हजार किलोमीटर,
सरळ उडालं तर चौदा तास.
सरळ कोण उडतं रे?
कुणीच नाही मामा, हे नुसतं अंतर.

ती गेली ती अशी:
उजळाईवाडीहून पंख्याच्या छोट्या विमानानं बेंगळुरू,
तिथं खुर्चीत सात तास,
मग सिंगापूर, पुन्हा खुर्ची,
मग समुद्रच समुद्र.
एकतीस तास भरले.
कुंपणाबाहेर उसाच्या बांधाला स्कूटर लावून
मी उभा होतो.
विमान डोक्यावरनं गेलं,
चरणाऱ्या म्हशीनं मानसुद्धा वर केली नाही.

नऊला शटर वर करतो
तेव्हा तिच्याकडं साडेचार झालेले असतात.
माझी सकाळ तिला शिळीच मिळते.
सोमवारी, आमच्या सुट्टीला, त्रिशला फोनवर विचारते,
जेवलीस का?
ती म्हणते, कुठलं जेवण, आई?

तीन वर्षांनी आली, जानेवारीत.
तेच तास, उलटे.

लेथवाल्याला हे ठाऊक असतं:
हँडल पुढं फिरवत आणलं आणि आता मागं घ्यायचं,
तर पहिला थोडा फेरा रिकामाच जातो.
आकडे सरकतात, टूल जागचं हलत नाही.
आटा जुना असेल तर ही ढिलाई जास्त.

पाणी दिलं तर थँक्यू म्हणाली.
त्रिशलानं पाहुण्यांचा पेला काढला होता.
प्रवास कसा झाला?
छान झाला, अप्पा.
मी घाई केली नाही, फिरवत राहिलो:
समोरच्या फौंड्रीचं काय झालं,
दूध कितीला झालं,
वखारीतलं लंगडं कुत्रं.

तिसऱ्या रात्री तीनला
(तिकडं साडेदहा, भर कामाची वेळ)
दिवा दिसला म्हणून बाहेर आलो.
गोल मांडीवर घेऊन बसली होती,
बोटानं हलवून बघत.
अप्पा, कधीपासनं डुगडुगतोय हा?
एक वायसर घाला की.

डबा जमिनीवर उपडा केला.
एवढ्या मापाचं सापडेना.
दोघं शोधत बसलो.