पिशवीचं तोंड

सोहारच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
टेबलाच्या कडेला निजवलीय अर्धी बाई,
बेंबीपासून मांड्यांपर्यंत, रबराची,
आमच्यातल्या कुणाच्याच रंगाची नाही.
तिच्यासोबत आलेल्या डब्यात सहा तुकडे,
बाटलीच्या बुचासारखे फिरवून बसवायचे :
एक निरोगी, एक सुजलेला, एकावर कोंब.
सहावा डॉक्टर झुवैना शेवटच्या दिवसापर्यंत
मुठीतच ठेवतात.

चौदाजणी आम्ही.
कोट्टयमची लिसम्मा, खार्टूमची इखलास,
इलोइलोची मारिव्हिक, दोन बलुची मुली
ज्या हसू आलं की शेला तोंडावर ओढतात,
आणि मी, जतची,
एकोणीस वर्षं इथल्या सलाइनच्या बाटल्या मोजणारी.

डॉक्टर सांगतात : अवजार आधी कोमट करा.
सांगितल्याशिवाय हात लावू नका.
ब्रश आत, घड्याळाच्या दिशेनं, पाच फेरे.
सप्तपदीला दोन कमी, मी मनात म्हणते.
मग ब्रश बाटलीत खळखळा. झाकण. नाव. तारीख.
"नाव विसरलात तर बाई हरवली."

दुपारी म्हणाल्या, आता जिच्या तिच्या भाषेत सांगा,
समोर पेशंट बसलीय असं समजून.
अरबीत त्याला गर्भाची मान म्हणतात.
मल्याळममध्येही तसंच काही असावं,
लिसम्मानं स्वतःच्याच गळ्याला हात लावला.
माझी पाळी आली
तेव्हा ओठावर आलं गर्भाशयमुख,
पुस्तकातला शब्द, इस्त्री केलेला,
जतच्या बाजारात कुणी हातात न घेणारा.

इंदूआत्या पिशवी म्हणायची.
पिशवी खाली आली, पिशवी खराब झाली,
मिरजेला नेऊन पिशवी काढू, म्हणाले सगळे,
द्राक्षं उतरल्यावर.
दोन वर्षं अंगावरून जायचं तिच्या,
तिचे कपडे परसात वेगळ्या दोरीवर,
आणि आम्हा पोरींना एवढंच ठाऊक
की त्या दोरीखालून जायचं नाही.
द्राक्षं उतरली. भावही बरा आला.
आत्या तोवर थांबली नाही.

मग मी इखलासकडे बघून, मराठीत :
बाई, पिशवीला तोंड असतं.
ते बोलत नाही.
दुखत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो ना आपण,
तो ह्या तोंडानं जन्मभर खाल्लाय.
वरचं तोंड रोज आरशात बघतेस,
हे एकदा मला बघू दे.
दोन-तीन मिनिटं. हात लावायच्या आधी सांगेन.
नको म्हणालीस तर थांबेन.

इखलासला एक अक्षर कळलं नाही.
तिनं मान डोलावली, पेशंट डोलावतात तशी,
पण दारापाशी
फरशीवरचा मॉप थांबला होता.

नरसव्वा. धर्माबादकडची.
सहा वर्षं आमच्या मागून फरशी पुसत आलेली.
तिला मराठी येतं हे मला माहीत नव्हतं,
मी कधी "इधर भी मारो"च्या पुढे गेलेच नाही.

सगळ्या करक चहाला खाली गेल्या
तेव्हा ती आत आली, रबराच्या बाईकडे न बघता.
"सिस्टर, माझी पिशवी हाय अजून," म्हणाली,
हरवलेलं काही इथे जमा झालंय का
असं विचारावं तसं.
"तिचं तोंड बघता का?"

मला एकदम सगळे नियम आठवले :
तिचं कार्ड कंपनीचं, कंपनी मस्कतची,
फॉर्मवर सही कुणाची.
डॉक्टर झुवैना जिन्यात होत्या. मी हाक मारली.
त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मॉपकडे पाहिलं,
आणि पडदा ओढला.

जुलैत इथल्या नळाला गार पाणी येतच नाही.
अवजार त्याखाली धरलं.
आधी नाव सांग, म्हटलं, बापाच्या नावासकट,
बाटलीवर लिहायचंय.