नवी पेठ, शोकेस नंबर दोन

सोळा वर्षं मी एका काचेमागे बसले.
पतपेढीची काच. खाली अर्धगोल भोक,
एक हात आत येईल एवढंच.
पासबुकं यायची घामानं मऊ झालेली,
मी शिक्का मारायची.
ओठ न हलवता नोटा मोजायची मला सवय होती.

मग एका मार्चमध्ये पैसे संपले.
म्हणजे कागदावर होते. तिजोरीत नव्हते.
चेअरमन नाशिकला गेले ते गेलेच,
आणि भोकातून हात येत राहिले, उताणे.
बाई, लेकीचं लग्न काढलंय.
मी म्हणायची, सोमवारी या.
किती सोमवार वाटले
त्याची कुठल्याच खात्यावर नोंद नाही.

आता एकेचाळिसाव्या वर्षी
तोंडात टाचण्या धरून
मी फायबरच्या बाईला साडी नेसवते.
तिला कंबर आहे, पोट नाही.
हात खांद्यातून निघतो:
आधी ब्लाउज, मग हात,
हे पहिल्याच दिवशी शिकले.
सकाळभर तो हात माझ्या काखेत होता,
चहावाल्या पोऱ्यानं कप आधी त्यालाच दिला.

पगार निम्मा.
नवरा म्हणाला, हे काय बाहुल्या खेळायचं वय आहे?
जाऊबाई लोकांना अजून सांगतात, बँकेत आहे.
इंदरचंदशेठ म्हणाले, तीन महिने बघू.
पुण्याचा एक मुलगा वर्षातून दोनदा येऊन
थर्माकोलचे मोर लावून जायचा,
त्या मोरांचं बिल त्यांना डाचत होतं.

मी मोर काढले.
असोद्याहून भरताची वांगी आणली, टोपलीभर,
वर तंगुसाच्या दोरीनं टांगली
त्याच जांभळ्या रंगाची साडी. एकच.
शेठ हादरले. दुकानात नऊशे साड्या आहेत, बाई.
म्हणूनच, मी म्हटलं,
आणि माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.
दुपारी बायका थांबल्या.
एकीनं वांग्यांचा भाव विचारला,
दुसरीनं साडीचा.
तिसऱ्या दिवशी वांगी सुरकुतली. शेठनी घरी नेली,
मोजून.

चार वाजता ऊन काचेत तिरकं शिरतं.
गुलाबी आधी उडतो, मग पोपटी.
जळगावच्या मे महिन्यात
कुठला रंग किती दिवस टिकतो ते मी वहीत लिहिते.
व्याजासारखंच, फक्त उलटं.

काल मी आत गुडघ्यांवर बसून निऱ्या लावत होते.
पाठीवर कुणाची तरी सावली पडली.
वळले तर
सुपडू शिंपी. खातं चारशे सतरा. ऐंशी हजार.
नाव नंतर आठवलं, आकडा आधी.
ते काचेपलीकडून बघत होते,
ओठ हलत होते.
या काचेला भोक नाही. ऐकू काही येत नव्हतं,
तरी मला ऐकू आलं.

मग ते दुकानातून फिरून आले,
शोकेसच्या छोट्या दाराशी चपला काढल्या
देवळात काढाव्यात तशा,
आणि म्हणाले,
"पदर वाकडा शे, माय."

हात पुढे केला.
तोच हात, उताणा,
अंगठ्यावर सुईनं पडलेले जुने काळे ठिपके.
मी त्यावर टाचणी ठेवली.

त्यांनी खांद्यावरची घडी सोडली, दोनदा झटकली,
तिसऱ्यांदा नुसती सोडून दिली,
आणि कापड स्वतःहून पडलं, पडायचं तसं.
एवढ्या महिन्यांत मला ते जमलं नव्हतं.
बाहेर एक मोटारसायकल थांबली, मागची बाई बघत राहिली,
मोटारसायकल गेली.

जाताना चपला पायात सरकवत,
माझ्याकडे न बघता, फायबरच्या बाईकडे बघत विचारलं,
"पैसानं काय व्हयनं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
नसत्या, तरी.