वाचकाचं पारितोषिक

गिरगावात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आमच्या भविष्यकाळाचा वार्षिक समारंभ.
सत्तेचाळीस खुर्च्या, भरलेल्या एकोणतीस,
आणि एक माईक, जो दरवर्षी
इमारतीच्या पाण्याच्या पंपाचंही भाषण ऐकवतो.

कादंबरीचं झालं. कथेचं झालं.
भुताला समीकरण लावलं की विज्ञानकथा होते का,
यावर दोन परीक्षक पुन्हा हमरीतुमरीवर आले.
मग माझ्या हाती पितळी शनी दिला गेला,
कुर्ल्याच्या लेथवर कातलेला, कडं जरा सैल,
आणि मी नाव वाचलं:
हरेश्वर मेहेर. वाचक.

बंदरात भरती-ओहोटीची कोष्टकं तपासता तपासता
निवृत्त झालेला माणूस.
मला त्यांचं पहिलं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी चोवीसची.
'बाई, पौर्णिमेला रात्री बाराच्या सुमारास
माहीमला भरती असते.
तुमचा यंत्रमानव खडकांवरून चालत गेला नसता,
बुडाला असता.
बाकी कथा उत्तम. पुढची कधी?'

ते 'पुढची कधी'
मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

मेहेर उठले. गळ्याशी गुंडी लावली.
आधी मानपत्रातली तारीख दुरुस्त केली; सगळे हसले.
मग म्हणाले, एक चूक मात्र मी कळवली नाही.
यांच्या गोष्टीत मंगळावरून मुलगी हाक मारते
आणि भांडुपची आई लगेच ओ देते.
लगेच कशी देईल?
ग्रह अगदी जवळ असला तरी
हाक पोचायलाच तीन मिनिटं.
कार्ड लिहून तयार होतं, पत्त्यासकट.
पण गोष्ट मी हिला वाचून दाखवली होती, वॉर्डात.
नळी बाजूला सारून ही म्हणाली,
बरं झालं बाई, लगेच बोलली.

पंप तेवढा चालू होता.

जिन्यात, शनी पिशवीत घालताना,
ते मला हळूच म्हणाले,
नव्या आवृत्तीत दुरुस्त करा हं.
आता चालेल.

प्रुफं टेबलावर आहेत. पान एकशे बारा.
'आई म्हणाली'च्या आधी
लाल पेनानं काकपद काढून ठेवलंय.
तीन मिनिटं म्हणजे नेमकी किती, ते बघायला
घड्याळ समोर घेऊन बसले.

दीड मिनिटातच
माझ्या तोंडून गेलं,
ओ.