सहा बटणं

एलुनेडबाईंच्या स्वेटरला सहा बटणं.
माझ्या अर्ध्या तासाच्या फेरीतली
अकरा मिनिटं तीच खातात.

हात शिवशिवतात माझे.
मी ते खिशात कोंबते,
खिडकीतून लानेलीची खाडी बघते:
ओहोटी, चिखल, एक कुत्रा.

झटक्यानंतरचा त्यांचा उजवा हात
काजाभोवती घुटमळतो,
पत्ता पुसलेलं पाकीट हाती आल्यासारखा.
चाळीस वर्षं त्यांनी या गावात टपाल वाटलं.

चौथं बटण पाचव्या काजात गेलं.
मला दिसलं. त्यांनाही.
"राहा तिथंच," त्या वेल्शमध्ये म्हणाल्या,
बहुतेक बटणालाच.

नोंदवहीत रकाना असतो: काय मदत केली?
मी लिहिते: चहाचं पाणी ठेवलं.
दूध त्यांनी ओतलं.
थोडं ओट्यावरही.