भेटीचं कारण

गेटवरच्या रजिस्टरला सहा रकाने.
नाव. गाडी नंबर. कुणाला भेटायचं.
भेटीचं कारण. सही. जाण्याची वेळ.
गाडी नंबरच्या जागी मी आडवी रेघ मारते :
बदनापूरवरून एसटी, पुढे शेअर रिक्षा,
मांडीवर पिशवी, पिशवीत सॅम्पलच्या सहा बाटल्या,
झाकणांना सेलोटेप.

जालना एमआयडीसी, फेज टू.
मार्चचा तिसरा आठवडा, म्हणजे वर्षाचं टार्गेट
आणि घामाला चिकटणारी
लोखंडाची काळी भुकटी.

पहिल्या वर्षी कारणाच्या रकान्यात लिहायचे
'बिझनेस डेव्हलपमेंट'.
एका वॉचमननं सरळ एचआरकडे पाठवलं,
तिथं माझा बायोडाटा मागितला.
मग 'केमिकल' लिहू लागले,
तर बाटल्या उघडून हुंगायचे,
ॲसिड तर नाही ना बाई?
नाही हो. पाण्यातलं औषध आहे.
यंत्राच्या पाण्यातलं.

बियाणी साहेबांना दर पाठ आहेत,
माझे आणि अहमदाबादवाल्याचे.
तो डोसिंग पंप फुकट बसवून देतो.
मी नव्वद दिवस थांबते, तो एकशेवीस.
"मॅडम, किलोमागे चार रुपये सोडा,
बाकी तुमचं-आमचं घरचंच आहे."
घरच्या माणसाला दीड तास बाकावर
कुणी बसवतं का, हे मी विचारत नाही.
हसते.
हसण्याचा टीए-डीए मिळत नाही.

माझा खरा माणूस मेंटेनन्सचा इलियासभाई.
त्यानं जुनी नळी करवतीनं उभी चिरून ठेवलीय,
खास मला दाखवायला.
आत पांढरा थर, बोटभर जाड,
मधे उरलेली वाट करंगळीएवढी.
"असं झालं ना मॅडम, की भट्टी बोंबलती."
मी खिळ्यानं थर खरवडते,
पुडी बांधते, तारीख घालते.
आईच्या गोळ्यासुद्धा
इतक्या निगुतीनं कधी बांधल्या नाहीत.

आज कानाशी साहेबाचा फोन,
रेंज जात-येत,
आणि घाईत कारणाच्या रकान्यात
मी नुसतं लिहिलं : पाणी.

रंगनाथ खरातांनी वाचलं. चष्मा कपाळावर सारला.
काही न बोलता केबिनमागं गेले
आणि माठातला तांब्या भरून घेऊन आले,
वर फुलपात्र उपडं.
"तोंडानं कामून नाही सांगितलं, ताई?
पाणी काय लिहून मागायची गोष्ट हाय?"

हाताची सवय वाईट.
टीडीएसचा पेन फुलपात्रात कधी बुडाला
माझं मलाच कळलं नाही.
सोळाशे ऐंशी.
"काय म्हणतंय ते?"
पाहायला वाकले, तसा डावा हात कमरेवर गेला
आणि तिथंच राहिला.
"जड आहे," मी म्हणाले.
"हौ. दोनदा खडा काढला.
डॉक्टर म्हणला, पाणी बदला.
मंग पुन्हा हितंच डूटी लागली."

सतराशे दोन : बॉयलर.
सतराशे चार : कूलिंग टॉवर.
सतराशे पाच : भट्टीची कॉइल.
सगळे कोड मला झोपेतही येतात.
वरून खाली म्हटले, मग खालून वर,
ते वाट बघत उभे होते.

मी पाणी प्यायले.
फुलपात्राच्या बुडाशी पांढरं कडं,
राखेनं घासूनही न गेलेलं.

बाहेर पडले तेव्हा सव्वाचार.
वेळ त्यांनीच लिहिली, सावकाश, शून्य गिरवत.
"झालं का काम?"
बारा कॅन. साडेतीन रुपये सोडून.
"झालं."
त्यांना बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं.
गेटची कडी काढता काढता म्हणाले,
"पुढच्या टायमाला घरून बाटली आणत जा, ताई.
आमचं पाणी तुमाला सोसायचं नाही."