एका ओळीची जागा

फॉर्मवर 'व्यसनाचे कारण' यापुढे
एकच ओळ आहे, तीही टिंबाटिंबांची.
येरवड्याच्या या केंद्रात पंखा फिरतो, वारा लागत नाही.
समोरच्या मॅडम म्हणतात, सावकाश भरा, ताई.
सुमेधदादा भिंतीकडे तोंड करून बसलाय
चपला बाहेर काढून,
विहारात बसावं तसा.

लिहू शकते मी : अठ्ठ्याण्णव साल, वाईट संगत.
संगत हा शब्द घरोघरी तयार असतो,
पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशांसारखा.
पण ते मित्र कधीच सुटले यातून.
एक विपश्यनेला जातो,
एकाला परवा नातू झाला, पेढे घेऊन आला होता.
दादाने दार उघडलं नाही.

मग लिहू का लक्ष्मी रोडवरचं विम्याचं ऑफिस?
तिसरा मजला, दादाचा इस्त्रीचा पहिला शर्ट,
आणि डबा खाताना कुणाचा तरी गोड आवाज :
"गायकवाड म्हणजे बडोद्याचे का हो?"
"नाही, दापोडीचे."
"अच्छा, अच्छा."
सगळे हसले. दादाही हसला.
ते हसू तो बसमधून घरी घेऊन आला
आणि उतरवून ठेवायला
त्याला एकही खुंटी सापडली नाही.

पुलाअलीकडच्या परमिट रूममध्ये
आडनाव कुणी विचारत नाही.
वेटर विचारतो फक्त, पाणी का सोडा,
आणि उकडलेल्या चण्यांची बशी
सगळ्यांसमोर सारखीच आपटतो.

(हे लिहिलं तर मॅडम म्हणतील,
भाषण नको, कारण लिहा.)

माझंही नाव बसवायला हवं या ओळीत.
दर सोमवारी मीच करायचे फोन :
साहेब, दादाला ताप आहे.
सतरा वर्षं. मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुन्या,
पुण्यात जी साथ आली ती मी त्याला दिली.
करुणावहिनी भोसरीला निघून गेली
तेव्हा चाळीत सांगितलं, बाळंतपणाला गेलीय.
बाळ आलं नाही.
विचारणारेही हळूहळू थांबले.
एका हाताने बाटली मोरीत ओतली मी
आणि दुसऱ्या हाताने शंभराची नोट दिली,
त्याचा चहा सांडताना बघवेना म्हणून.

अण्णा थेंबालाही शिवले नाहीत कधी.
एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं,
घरी बोलायचे तेही यंत्राशी बोलावं तसं :
चालू कर. बंद कर. दार लावून घे.
दादा पहिल्यांदा झिंगून आला
त्या रात्रीही एवढंच म्हणाले,
दार लावून घे.
मारलं असतं तर बरं झालं असतं,
असं दादा एकदा म्हणाला होता. शुद्धीत.

"झोप लागत नव्हती गं."
भिंतीकडे बघतच बोलतोय तो.
"लिही. एवढंच होतं."

पेन थांबतं.
आई गेली त्या वर्षी अण्णांची दुसरी पाळी होती.
रात्री साडेबाराला कडी वाजायची
आणि नऊ वर्षांचा दादा ती वाजेपर्यंत जागा,
बाप येतो की तोही येत नाही, हे ऐकत.
अण्णा उभ्याउभ्याच भाकरी खायचे.
दादा समोर बसायचा, गुडघे छातीशी घेऊन.
दोघांपैकी कुणीच रडत नव्हतं.
मी पांघरुणाच्या भोकातून लक्ष ठेवून होते.

मी लिहिते : झोप.
दोन अक्षरं. पुढची टिंबं तशीच राहतात.
मॅडम वाचतात, मान हलवतात,
असं कारण त्यांनी आधी पाहिलं असावं,
आणि तिघांसाठी चहा मागवतात.

दादा कप दोन्ही हातांनी धरतो.
तरी हिंदकळतो,
शर्टावर एक डाग, मग अजून एक.
माझा हात बशीकडे जातो
आणि मांडीवर परत येतो.

सांडू दे.